बस्त्यावअंकलची कॅरम टीम

माणिकपूरच्या एका बारमध्ये बस्त्यावअंकल काउंटरला असायचे. कुणी क्वार्टर मागितली की ते आधी विचारायचे, "जेवलास का?" नाही म्हटलं की ग्लास मागे. "आदी जेव. दारू काय पळून जाते?" मालक कपाळाला हात लावायचे. गिऱ्हाईक मात्र तुटत नव्हतं. इतक्या हक्काने दटावणारं त्यांना दुसरं कुणी नसावं.

मी पीत नाही. मी जायचे रविवारी दुपारी, बार उघडायच्या आधी. अंकल टेबलं सारून खुर्च्या गोल मांडायचे आणि विरारपासून नायगावपर्यंतचे आम्ही दहा-बारा जण जमायचो. कुणी गे, कुणी ट्रान्स, मुलींवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या दोघी. मालकांना अंकलनी सांगितलं होतं, ही कॅरमची टीम आहे. पुरावा म्हणून मधे एक बोर्ड. मालकांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी परस्पर आमचं नाव एका स्पर्धेत घातलं. दोन वर्षांच्या 'सरावा'नंतर आमच्यातल्या एकाने पंचांनाच विचारलं, "आपल्या सोंगट्या काळ्या की पांढऱ्या?"

"पोरं अजून नवीन हायत," अंकल मालकांना म्हणाले. चेहरा एकदम गंभीर.

पहिले सहा रविवार मी तोंडच उघडलं नाही. अंकल माझ्यापुढे लिंबूसोडा ठेवायचे. "नको बोलू गो बाय. खुर्ची गरम कर, ते पन काम हाय." पुढे तिथे बोलायला लागले. घरी आईपाशी मात्र नाहीच. अंकलनी त्यावरून कधी टोकलं नाही.

मागच्या महिन्यात सकाळी ते मासळीबाजारात गेले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

चर्चमध्ये त्यांच्या सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मोठ्या बहिणीने, फिलूआंटीने, चहा दिला. बाकीचे अंगणात गेले. मी कप आत नेले तेव्हा तिने हळूच विचारलं, "बाय, माझा भाव पन तुमच्यातलाच होता ना?"

मी आठवून पाहिलं. आमच्यातल्या प्रत्येकाचं त्यांनी ऐकलं होतं. पण त्या गोलात बसलेले ते मला आठवेनात. ते उभेच असायचे, हातात ट्रे घेऊन. आणि आम्ही कुणी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही, आंटी."

"मला वाटायचं. लय वर्सं वाटायचं. म्हटलं, तो सांगंल तवा ऐकू. त्याला वाटलं असंल, ही विचारंल तवा सांगू." ती कप विसळत राहिली. मग म्हणाली, "तुला आय हाय ना?"

"आहे."

"मंग ती पन थांबली असंल."

रिक्षा घेऊन मी तडक घरी आले. आई विळी पुढ्यात घेऊन मेथी निवडत बसली होती. "लवकर आलीस?" म्हणाली. मी चप्पल काढून तिच्यासमोर बसले, अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "आई, तुला एक सांगायचंय."

तिने विळी बाजूला सारली.