बॉम्बनंतरचं मटण

एखादं राष्ट्र युद्धाला किती सज्ज आहे हे त्याच्या तोफांवरून कळत नाही, जेवणावरून कळतं. शहरंच्या शहरं बेचिराख झाली तरी जेवणाची वेळ चुकू नये, अशी कोणत्याही जबाबदार सरकारची इच्छा असते. म्हणूनच १९५६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अणुबॉम्ब फोडताना त्याच्या आसपास मटणाचे डबे मांडण्यात आले. (सैनिकांचीही सोय होती. त्यांना बॉम्बकडे पाठ करून उभं केलं होतं.)

स्फोटानंतर डबे तपासायला तीन शास्त्रज्ञ आले. अंगभर पांढरे पोशाख, हातात जाड मोजे, तोंडावर मुखवटे. चव घ्यायला तळावरचा आचारी मर्व टिल्ब्रुक याला बोलावलं. संरक्षण म्हणून त्याच्या अंगावर ॲप्रन होता.

"मीच का?" मर्वनं विचारलं.

"तुमची जीभ कसलेली आहे," मुखवट्याआडून डॉक्टर हॅरप म्हणाले.

"मग आधी तुम्ही घ्या की घासभर."

"मला मुखवटा काढायची परवानगी नाही. धोका असतो."

उत्तर बिनतोड होतं. मर्वनं डबा तळावरच्या कुत्र्यापुढे धरला. कुत्र्यानं वास घेतला आणि तो निघून गेला. (शेरा: कुत्रा सैनिकी सेवेस अपात्र.)

एरवी मर्वनं घरची वाट धरली असती. पण डबे चांगले ठरले तर संध्याकाळी तेच तळावरच्या सैनिक पोरांना वाढायचे होते. त्यानं एक घास खाल्ला. मटण झकास होतं. त्यानं आजवर शिजवलेल्यापेक्षा चांगलं. हे त्याच्या मनाला जरा लागलंच. मग घास पोटात उतरला आणि डबा कुठे मांडला होता ते त्याला आठवलं.

"नासलंय," तो म्हणाला. "पोरांच्या ताटात मी हे घालणार नाही."

शास्त्रज्ञांनी विचारविनिमय केला. डबा शाबूत, रंग ठीक, वजन बरोबर. अर्थात बिघाड जिभेत. स्फोटामुळे आचाऱ्याची जीभ निकामी होते, असा एक मौलिक शोध लागला आणि मर्वला त्याच दुपारी ट्रकमधून स्टेशनावर रवाना केलं.

निघताना तो दिसेल त्याला सांगत होता, "ते मटण खाऊ नका रे."

"तुझ्या हातचं खात होतो तेव्हा नाही सांगितलंस ते," सार्जंट म्हणाला. सगळे खो खो हसले. मर्वही हसला. वाटेत ट्रक थांबवून त्यानं घशात बोटं घातली. काही निघालं नाही.

संध्याकाळी त्याच्या मदतनिसानं मटण वाढलं. त्याला चव कुणी विचारली नाही.

वाचक तिथे असते तर ताट सरकवून उठले असते, हे उघड आहे. त्या टेबलांवरच्या एकशे ऐंशी जणांनाही स्वतःबद्दल हीच खात्री होती. पहिल्यांदा कोण उठतो, एवढंच ते बघत होते, आणि बघता बघता त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.