कोरेवाडीच्या अडसराची हकीकत

श्री वाग्देवीस साष्टांग दंडवत. तिच्या घरचे अन्न खाऊन तिच्याच देखत खोटे बोलला असा जो एक दुभाषा, त्याने आपल्या हाताने लिहिले ऐसेजे. शके सतराशे चौतीस, अंगिरानाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी एका राज्यात काय वर्तले त्याची ही हकीकत. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहावयास लाज वाटते. लिहिणाराचेही लिहीत नाही, त्याची तर अधिकच वाटते.

त्या राज्यात पूर्वापार चाल अशी की, गावावर संकट आले असता पाटलाने वेशीच्या दरवाजाचा अडसर काढून खांद्यावर घ्यावा आणि दरबारी येऊन गादीपुढे ठेवावा. महाराजांनी त्यास हात लाविला म्हणजे अभय जाहले. मग संकट टळेतोवर अडसर जामदारखान्यात राहावा आणि तोवर त्या वेशीस अडसर तो राज्याचा, म्हणजे फौज जाऊन दाराशी उभी राहावी. हात न लाविला तर पाटलाने आपले लाकूड उचलून परत जावे, वेस लावून बसावे अथवा गाव सोडून डोंगर गाठावा. त्यात कोणाचा रुसवा नसे. मात्र हात न लावणाराची बेअब्रू चार मुलुखांत होई, म्हणून सात पिढ्यांत कोणी राजा हात लाविल्यावाचून राहिला नव्हता.

मग पंचमीचे दिवशी सकाळी दरबार भरला असता घाटाखालील कोरेवाडीची चिमाई पाटलीण आली. नवरा वारल्यावर गावची पाटीलकी तीच चालवीत होती. वय पन्नाशीचे, अंगाने काटक, आणि दोघा गड्यांना बरोबर घेऊन सागाचा मांडीएवढा अडसर सात कोस वाहून आणिला होता. तो तिने गादीपुढे ठेविला आणि पदर सावरून म्हणाली, "म्हाराज, पेंढारी नदीच्या पल्याड उतरल्यात. चार रोजात आमच्यावर येतील. माणूस दोनशे हाय, त्यात निम्मी लेकरं. राखणार असाल तर हात लावा. न्हाई तर तसं सांगा, आमी डोंगरात जातो. वाट ठावं हाय आमाला."

महाराज मनाचे वाईट नव्हते. त्यांनी हात पुढे केला आणि तोच कारभारी गोपाळ मुरार यांनी कानाशी लागून अर्ज केला की, ताईसाहेबांचे लग्न दशमीस, फौज वऱ्हाडाबरोबर जावयाची, घोडा कोरेवाडीस गुंतला तर वऱ्हाड ओकेबोके दिसेल. आणि अडसर परत द्यावा तर लग्नाच्या तोंडावर व्याह्यांत नाचक्की. महाराजांचा हात होता तेथेच राहिला. मग कारभारी यांची नजर सदरेवर फिरत फिरत या दुभाष्यावर येऊन ठेपली. कारण की, त्याच साली टोपीकरांशी तह जाहला होता आणि त्यात कलम होते की, दरबारने कोणास अभयपत्र दिले तर ते इंग्रजीत लिहावे आणि नक्कल त्यांच्या वकिलाकडे पाठवावी. कारभारी हळूच पुसते जाहले, "पंत, आपल्यात राखणे म्हणजे राखणे. त्यांच्यात यास शब्द किती?"

लिहिणार सात वर्षे सुरत बंदरी टोपीकरांच्या वखारीत राहून ती भाषा शिकून आला होता, आणि आला त्या दिवसापासून त्याची विद्या कोणी धड विचारली नव्हती. आज भर दरबारात विचारली. तो फुलला आणि सांगता जाहला की, महाराज, पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शील्ड म्हणजे येणाऱ्या वाराच्या आड आपले अंग घालणे. महाराज म्हणाले, हा राहू द्या. मग डिफेंड, म्हणजे हल्ला आला असता हत्यार धरून त्यास मागे रेटणे. कारभारी म्हणाले, हत्यारे वऱ्हाडात जावयाची. मग गार्ड, म्हणजे काही घडण्याआधीच डोळ्यांत तेल घालून उभे राहणे, त्यास तीस माणसेही पुरेत. तर ती तीस माणसे मांडवाच्या दारी नेमली होती. बरे, शेल्टर म्हणजे पळून येईल त्यास आपल्या छताखाली घेणे, किल्ल्याचे दार तेवढे उघडावे; तर लग्नानंतर किल्ल्यात व्याही उतरावयाचे, तो आधीच सारवून ठेविला होता. प्रिझर्व म्हणजे वस्तू नासू न देणे, लोणचे बरणीत राहते तसे. यावर दरबार हसला आणि दुभाष्यासही हसू आले, हे मुद्दाम लिहून ठेवितो. आणि प्रोटेक्ट म्हणजे कोंबडीने पिलांवर पंख धरावा तसे. पंख कोणता ते शब्द सांगत नाही, पण धरणे भाग आहे. कारभारी म्हणाले, "भाग आहे तेच नको. आणखी खाली उतरा." आणि मी उतरलो. सांगितले की, सेफगार्ड म्हणून एक आहे. संकट येऊ नये याची आधी तजवीज ठेवणे, आणि त्या तजविजीत कागद, करार, कलम हेही चालते. माणूस उभा केलाच पाहिजे असे नाही.

कारभारी म्हणाले, "हाच."

इतका वेळ चिमाई अडसराशी उभी होती. तिला त्यातील अक्षर कळत नव्हते आणि तिच्या तोंडावरून दिसत होते की, आपल्या गावासाठी केवढी मसलत चालली आहे असे तिला वाटत आहे. मग कागद लिहिला की, कोरेवाडीच्या हिताचा सेफगार्ड व्हावा अशी इच्छा दरबार बाळगितो. शिक्का जाहला आणि महाराजांनी अडसरास हात लाविला, आणि संतोष पावून आपल्या अंगावरचा शेला काढून दुभाष्याच्या खांद्यावर घातला. मग रिवाजाप्रमाणे कागद वाचून दाखविणे आले. चिमाई म्हणाली, "काय लिवलंय, पंत?"

कारभारी माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "लिहिले आहे की, दरबार कोरेवाडीचे रक्षण करील."

"मंजी आमी गाव सोडू नये?"

येथे एक शब्द पुरे होता. सोडा, एवढाच. मान हलविली असती तरी तिला कळले असते, बाई शहाणी होती. पण शेला महाराजांच्या अंगचा, अजून उबदार होता, आणि मी म्हणालो, "सोडू नये." तिने वाकून नमस्कार केला. महाराजांना केला आणि मलाही केला. मग अडसर जामदारखान्यात मीच नेऊन ठेविला आणि चिमाई कागद कमरेस खोचून सात कोस परत गेली.

नवमीस दोन प्रहरांपूर्वी पेंढारी कोरेवाडीवर आले. वेशीस अडसर नव्हता. लोकांनी दाराआड जात्याच्या तळ्या आणि एक मोडकी गाडी लावून ठेविली होती, ती त्यांनी खांद्याच्या धक्क्याने सारली आणि आत शिरले. त्या वेळी इकडे वऱ्हाड निघाले होते, पुढे नौबत, मागे फौज, आणि लिहिणार शेला पांघरून पालखीच्या मागे चालला होता. कोरेवाडीत एकतीस माणूस मेले, घरे जळाली, गुरे नेली.

मग अमावास्येस चिमाई पुन्हा आली. दरबारास भय की, बाई आता शिव्याशाप देईल, म्हणून महाराज शिकारीस गेले आणि कारभारी यांचे पोट दुखू लागले. पण ती दरबारात गेलीच नाही. ती दफ्तरात आली, माझ्यापुढे बसली आणि कमरेचा कागद काढून म्हणाली, "पंत, पुन्यांदा वाचा. या खेपेला हाय तसं."

मी वाचले. सेफगार्ड म्हणजे काय ते सांगितले, आणि तिने विचारिले म्हणून वरचे शब्दही सांगितले, जे दरबाराने टाकून दिले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ह्ये तवा तुमास्नी ठावं व्हतं?"

म्हणालो, "होते."

"माजी सून निघाली व्हती डोंगराकडं, पाठीला पोर बांधून. म्या माघारी बोलावली. म्हनलं, पंतांनी वाचून सांगितलंय."

ती उठली. मग म्हणाली, "आमचा अडसर द्या." मी जामदारखाना उघडविला. अडसर कोपऱ्यात उभा होता. ती म्हातारी झाल्यागत वाकली होती आणि या वेळी तिच्याबरोबर गडी एकच होता, म्हणून दुसरे टोक उचलावयास मी पुढे झालो. तर ती म्हणाली, "तुमी हात लावू नका, पंत." आणि दोघांनी तो तसाच ओढत चौकातून नेला. त्याचा चरा फरशीवर अजून आहे.

सारांश इतकाच की, पुढे टोपीकरांच्या वकिलाने कोरेवाडीचे पुसले, तेव्हा उत्तरही याच हाताने लिहिले आणि त्यासही बेताचे शब्द सापडले. राज्य सुखरूप आहे. ताईसाहेब सासरी नांदतात. शेला माझ्या पेटीत आहे, कडुनिंबाचा पाला घालून ठेविला आहे आणि त्यास कसर म्हणून लागलेली नाही. लोणच्याच्या बरणीचा जो शब्द सांगून दरबार हसविला, तेवढा एक मात्र मी पुरता पाळिला.