थूल सर आणि चौथा स्क्रू

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजातले थूल सर कोणत्याही वस्तूला हात लावतात तो ती दाबून पाहण्यासाठी. टरबूज, पेरू, नवा खडू, शेजाऱ्याच्या सोफ्याची गादी, काहीही. एकदा प्राचार्यांच्या टेबलावरचा पेपरवेट त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबला आणि म्हणाले, "हा काई बदलनार नाई." हे पेपरवेटबद्दल होतं की आपल्याबद्दल, याचा प्राचार्य आठवडाभर विचार करत होते.

सर पदार्थविज्ञान शिकवतात. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर, म्हणजे यंदा पुन्हा बोलावतात की नाही याची दर जूनला वाट पाहणारा. सरांचा अभ्यास एकाच गोष्टीचा: प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता असली की पदार्थाच्या आत काय होतं? "पृथ्वीच्या पोटात कोनाले जाता येत नाई," ते म्हणतात, "मंग पोटच इकडं आनाचं."

ते पोट म्हणजे मुठीत मावणारी एक पोलादी डबी. तिच्यात दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले आणि मधे खसखशीपेक्षाही बारीक कण. डबीचे चार स्क्रू हळूहळू, सारखे फिरवत नेले की कणावर दाब चढतो. हिऱ्यातून आरपार लेझर सोडून तो तापवता येतो आणि क्ष-किरण सोडून आतले अणू कसे रचलेत तेही समजतं.

या वेडापायी सर कुठेही धडा घ्यायला लागतात. नागपूरहून परतताना केळझरला एसटीत संकष्टीची गर्दी घुसली, तेव्हा माझ्या बरगडीत कोणाचं तरी कोपर रुतलं होतं आणि सर आनंदाने सांगत होते, "आता पाह्य. आधी लोक आडवेतिडवे उभे होते, आता कसे एकमेकांत बसून राह्यले. यालेच म्हनते रचना बदलनं." कंडक्टरने त्यांना दरवाजातून आत सरकायला सांगितलं, तर त्यालाही त्यांनी ते समजावलं. मे महिन्यात सगळं वर्धा डोक्याला दुपट्टा बांधून हिंडतं. सर उघड्या डोक्याने येतात आणि म्हणतात, दोन हजार डिग्रीच्या खाली तक्रार कराची नाई.

साधे क्ष-किरण त्या कणापुढे कमी पडतात. इंदूरला एक भलंमोठं गोल यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरतात आणि वळताना अतिशय तेजस्वी क्ष-किरण फेकतात. त्यावर चार दिवस मिळावेत म्हणून सरांनी दोन वर्षं वाट पाहिली. मंजुरी आली ती त्यांच्या निवृत्तीच्या वर्षात. मदतीला त्यांनी मला नेलं.

वाटेत सामान तपासणाऱ्या शिपायाने डबीत काय आहे विचारलं. सरांना खोटं बोलता येत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती. ते म्हणाले, "हिरे." शिपायाने साहेबाला बोलावलं, साहेबाने भिंग मागवलं. अर्ध्या तासाने त्या भिंगातून दोघांना ते चिमुकले हिरे दिसले, तेव्हा साहेबाच्या चेहऱ्यावर आमच्याविषयी निव्वळ दया होती.

पहिले दोन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. पडद्यावर एकात एक वर्तुळं उमटत. दाब वाढला की ती बाहेर पसरत, म्हणजे आत अणू जवळ येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्तुळांच्या मधे एक अंधूक नवं वर्तुळ दिसलं. सर खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. कणाची रचना बदलायला लागली होती. आता थोडाच दाब हवा होता.

दुपारी स्क्रू मी फिरवत होतो. सरांनी किंचित म्हटलं होतं. मी चौथा स्क्रू किंचितच फिरवला आणि मग, घाईत, आणखी एकदा. डबीतून बारीक टक् असा आवाज आला.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. हिऱ्याला केसाएवढी चीर गेली होती. दुसरी जोडी नव्हती. सर म्हणाले, "चाल, चहा घेऊ."

तिथल्या नोंदवहीत काय झालं आणि कोणाच्या हातून, हे लिहावं लागतं. तिची प्रत कॉलेजात जाते. निघताना मी ती वही उघडली. सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: चौथा स्क्रू थूल यांनी गरजेपेक्षा जास्त फिरवला. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "माहं काय जाते? मी तर रिटायर होऊन राह्यलो. तुही जूनची ऑर्डर बाकी हाय."

वर्ध्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी थूल काकूंनी जेवायला बोलावलं. घरात ते दोघंच असतात. सर दही आणायला गेले होते. काकू ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "भाऊ, हे म्हनत होते, हिरा याइच्याच हातानं गेला. लय जोर दिला म्हने."

बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "काकू, तो माझ्या हातून गेला."

त्यांनी लोणच्याची बरणी माझ्यापुढे ठेवली. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, हात लागताच निघालं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्सं झाले, या मानसाच्या हातून एक झाकन घट्ट लागलं नाई. मीच मागून लावत जातो. पन मले मालूम हाय, हे त्याइले दाखवजा नोको."

फाटक वाजलं. सर दह्याची पिशवी बोटांनी दाबून पाहत आत आले आणि म्हणाले, चांगलं घट्ट हाय.