कोणाला दिसतं, नाव सांगा

आमच्या गायकवाड मॅडमसमोर ‘उघड आहे’ असं म्हणू नये. ‘साहजिकच’, ‘अर्थातच’, ‘सहज दिसून येतं की’ हेही म्हणू नये. म्हणालात तर त्या चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे विचारतात, "कोणाला दिसतं? नाव सांगा."

हे त्यांनी वर्गापुरतं ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. त्या गणित शिकवतात. पण एकदा प्राचार्य मीटिंगमध्ये सहज बोलून गेले, "यंदा निकाल सुधारायला हवा हे तर उघडच आहे." मॅडमचा हात वर. "कोणाला उघड आहे, सर?" पुढचा पाऊण तास प्राचार्य निकाल का सुधारायला हवा हे फळ्यावर पायरीपायरीनं सिद्ध करत होते. तिसऱ्या पायरीवर अडकले आणि चहा मागवला. डॉक्टरांचीही सुटका नाही. "या वयात साहजिकच शुगर वाढणार," असं एक डॉक्टर त्यांना म्हणाले. त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. शेवटी डॉक्टरांनी कागदावर पोटातल्या ग्रंथीचं चित्र काढून सगळं समजावलं. बाहेरचे पेशंटही आत येऊन ऐकत उभे राहिले म्हणे.

मी याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. भिवंडीत आमची चौथी पिढी. घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर, आणि गणितात सगळे काठावर पास. मी तर बारावीला दोनदा काठाच्याही खाली गेलो होतो. त्यामुळे एक दिवस मॅडम ग्रंथालयात येऊन म्हणाल्या, "प्रधानसर, गणितात तुमची मदत हवी आहे," तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

त्यांचं म्हणणं असं, की बीएस्सीची गणिताची पुस्तकं ज्यांना गणित येतं त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात. म्हणून आता आपल्या मुलांनीच नवं पुस्तक लिहायचं आणि इंटरनेटवर ठेवायचं. कोणीही वाचावं, उतरवून घ्यावं, छापावं, हवं तर बदलावं. माझा सगळा जन्म पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लावण्यात गेलेला. मी विचारलं, "आणि चोरलं कोणी तर?"

"तर मी पेढे वाटीन," मॅडम म्हणाल्या.

या पुस्तकाला नियम एकच होता. जो जिथे अडला, त्यानंच ती जागा लिहायची. ज्याला येतं त्यानं लिहायचं नाही, कारण कसं अडतं हे तो विसरलेला असतो. हुशार मुलांची यात फार पंचाईत झाली. फैजान नावाचा एक मुलगा होता, लूमच्या खडखडाटात बसून अभ्यास केलेला आणि तरी वर्गात पहिला येणारा. तो कुठेच अडेना. बिचारा तोंड पाडून म्हणाला, "मॅडम, मेरा क्या? मैं तो कहीं अटकता ही नहीं." त्याला टायपिंगला बसवलं.

माझं काम होतं वाचायचं आणि अडायचं. त्यात मी तरबेज निघालो. पहिल्याच दिवशी एका ओळीत ‘डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले तीन घ्या’ असं होतं. मी भीत भीत विचारलं, "हे तीन कुठून आले?" मॅडमनी टाळीच वाजवली. "वा! लिहून घ्या रे, सर अडले!" मागून दोन-तीन मुलांनी हळूच सांगितलं, की त्यांनाही तेच विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. त्या पानावर आजही छापलेलं आहे, ‘हे तीन कुठून आले? — प्रधानसर इथे अडले.’ खाली दोन परिच्छेद उत्तर. परवा पालघरकडचा एक मुलगा काही कामानं कॉलेजात आला होता. ग्रंथालयात डोकावून म्हणाला, "तीनवाले प्रधान तुम्हीच ना?" आमच्या घराण्यात गणितामुळे नाव झालेला मी पहिलाच.

तर असं प्रकरणामागून प्रकरण होत गेलं. अडलं ते चौथं. चौथं प्रकरण सातत्याचं, म्हणजे आलेख कुठेही न तुटता कसा जातो त्याचं. त्या व्याख्येवर प्रणाली नावाची मुलगी तीन आठवडे अडून बसली होती. दापोड्याजवळच्या गावातली, तिसऱ्या वर्षाची. रोज यायची आणि म्हणायची, "मॅडम, अजून न्हाय बसत डोक्यात." ज्या दिवशी बसलं, त्या दिवशी तिनं एका दमात आठ पानं, म्हणजे अर्धं प्रकरण लिहिलं. मॅडम ती पानं हातात घेऊन स्टाफरूमभर फिरल्या.

आणि मग प्रणाली यायची बंद झाली. वडील टेम्पोवरून पडले, कमरेचं हाड मोडलं. घरात मोठी हीच. दापोड्याच्या एका गोदामात ती पार्सलं स्कॅन करायच्या कामाला लागली. दहा तासांची ड्युटी.

इकडे विद्यापीठाची समिती येणार होती. पसंत पडलं तर आमचं पुस्तक सगळ्या कॉलेजांसाठी लावणार होते. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मीही तिथे होतो.

"सातत्याचंच प्रकरण खंडित, हे बरं दिसतं का? फैजानला सांगा, दोन दिवसांत लिहील."

"लिहील ना. पण तो अडलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रकरण प्रणालीचं आहे."

"ती गोदामात आहे, मॅडम! ती कसली येते आता?"

"तिला वेळ मिळेल तसं लिहील."

समिती आली. चौथ्या प्रकरणाच्या अर्ध्यावर एकच ओळ होती, ‘पुढचं प्रणाली लिहीत आहे.’ अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. प्राचार्य चिडले. मला केबिनमध्ये घेऊन म्हणाले, "मंगळवार-गुरुवार दुपारी या बाई जातात कुठे? तुमचं त्यांच्याशी बरं आहे. बघा जरा."

माझ्या अंगात गुप्तहेरी नाही. मी सरळ मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चला ना, रिक्षात जागा आहे."

हातात दोन डबे आणि एक लांबट वही. मी विचारलं, "दोन डबे?" अंजूरला त्यांचं घर. आई गेल्यापासून त्या एकट्याच राहतात, हे मला माहीत होतं. मॅडम रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "एकटीसाठी स्वयंपाक करायचा म्हटलं की मी चहा-बिस्किटावर भागवते. दोघींचा म्हटला की हात चालतो."

दापोड्याला गोदामाच्या गेटसमोर एक चहाची टपरी आहे, तिच्यापुढे बाकडं. कंटेनर धूळ उडवत जात होते. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि मुलींचा घोळका बाहेर आला. त्यात प्रणाली. गळ्यात ओळखपत्र, ओठ सुकलेले. मला बघून दचकली. "सर, तुमी पन?"

"सर अडायला आलेत," मॅडम म्हणाल्या. "आधी जेव."

ती जेवली. दहा मिनिटं गेली. मग तिनं वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "मॅडम, फुडची ओळ मनात हाय, फकस्त..." एवढं बोलून तिनं डोकं मॅडमच्या खांद्यावर टेकलं आणि झोपली.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. एका हातानं त्यांनी वही हळूच काढून घेतली, दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर येणाऱ्या उन्हाला पदर आड धरला. एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरकडे अशा नजरेनं बघितलं की तो पुढे जाऊन गप्प झाला.

"दर वेळी असंच?" मी कुजबुजलो.

"बहुतेक वेळा. शेवटची पाच मिनिटं उरली की उठवते. तेवढ्यात दोन ओळी होतात. कधी एकच."

"मग प्रकरण कधी व्हायचं?"

"होतंय की." त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच ठाम होता. फक्त फार हळू.

पाच मिनिटं उरल्यावर त्यांनी तिला उठवलं. तिनं डोळे चोळत दोन ओळी लिहिल्या, खाडाखोड न करता. भोंगा झाला. ती पळाली.

प्राचार्यांना मी सांगितलं, "मॅडम प्रकरण लिहून घ्यायला जातात." खोटं नव्हतंच ते.

त्यानंतर मॅडमची परीक्षेची ड्युटी असली की मी जायचो. माझ्या खांद्यावर ती थोडीच झोपणार होती. टपरीवाल्याच्या बायकोनं आत चटई टाकून द्यायला सुरुवात केली. उठली की दोन ओळी लिहायची, मी त्यांत अडायचो आणि ती मला समजावून सांगायची. असं करत उन्हाळ्याच्या शेवटी चौथं प्रकरण पुरं झालं. पुढच्या बैठकीत पुस्तक मंजूर झालं. वडील काठी घेऊन चालायला लागले आणि प्रणालीनं राहिलेल्या पेपरांचा फॉर्म भरला.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो मी पहिल्यांदा एकटा जाऊन आलो तो दिवस. प्रणालीनं त्या दिवशी चक्क सहा ओळी लिहिल्या होत्या. मी फुशारून स्टाफरूममध्ये शिरलो आणि वही मॅडमसमोर उघडून धरली. मॅडम पेपरांचे गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"झोपली का थोडी?" त्यांनी विचारलं.