बंब वाळतोय

अस्तर

सकाळपासून जावई बाथरूममध्ये होता आणि अंगावर फक्त रेनकोट होता. कपड्यांचे तंतू उडून ओल्या रंगावर बसतात, म्हणून कपडे बाहेर. गरम शॉवर सोडून हवेतली धूळही त्याने खाली बसवली होती. समोर वीतभर लांबीचा आगीचा बंब. सासरे आज अग्निशमन दलातून निवृत्त होत होते. आयुष्यभर चालवलेला बंब संध्याकाळी त्यांना छोटा करून द्यायचा होता.

लग्न ठरलं तेव्हा जावयाने खऱ्या बंबाच्या दाराला सहज हात लावला होता. सासऱ्यांनी काही न बोलता रुमाल काढून ती जागा पुसली होती. तेव्हापासून त्यांच्या तोंडून एकदा ‘छान’ ऐकायचं, एवढंच त्याने मनात धरलं होतं.

पहिला थर

बायकोने टॉवेल घ्यायला दार उघडलं. लाल टपावर पांढरा तंतू. घासून काढला.

दुसरा थर

आंघोळीसाठी ताटकळलेल्या सासूबाईंनी कडी वाजवली. जावई दचकला, स्प्रेचा डबा फार जवळ गेला, रंगाला ओघळ आला. पुन्हा घासणं. या वेळी तो जे पुटपुटला ते रेनकोटनेच ऐकलं.

तिसरा थर

हात न थांबवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. असा उतरला की टपात स्वतःच्या नाकपुड्या दिसू लागल्या. त्याने वर पातेलं पालथं घातलं आणि घरात जाहीर केलं, की पंखा लावायचा नाही, केर काढायचा नाही, शिंक आलीच तर जिन्यात जायचं.

पातेलं उचलल्यावर

संध्याकाळी सासऱ्यांनी बंब सगळ्या बाजूंनी न्याहाळला. मग चष्मा सावरला.

“हे बोट कुणाचं?”

सासूबाईंनी आणि बायकोने एकमेकींकडे पाहिलं.

“हात पुढे करा.”

सासूबाईंची तर्जनी लाल निघाली. “वाळला का बघितलं हो. मागच्या बाजूला, दिसणार नाही असं.”

“मी तर खालून लावलं,” बायको म्हणाली. “तिथे कोण बघतंय?”

“आणि दारावर?”

जावई एकटाच खिशात हात घालून उभा होता.

“जावईबापू, तो हात.”

तर्जनी लाल. बोटही अगदी तिथेच उमटलं होतं, जिथे तेव्हा खऱ्या दाराला लागलं होतं.

“राहवलं नाही, बाबा.”

सासऱ्यांनी रुमाल काढला. जावयाने डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला केला. सासरे टपावर वाकले होते. तेवढीच जागा कोरी राहिली होती. त्यांनी हळूच तिथे आपलं बोट टेकवलं.

“अजून नाही वाळला,” ते समाधानाने म्हणाले आणि रुमालाला बोट पुसलं. “पण छान.”