वरचं नाय, खालचं सांगा

आमच्या भास्करभाऊंना "बरं आहे ना?" असं विचारायची सोय नाही. ते उलट आपल्यालाच नखशिखांत न्याहाळतात. आपण "मजेत" म्हणालो की म्हणतात, "वरचं नाय, खालचं सांगा."

हे माझे चुलतभाऊ. खुलताबादजवळ आल्याची शेती करतात. कृषी महाविद्यालयाच्या लोकांनी त्यांच्या रानात पारदर्शक नळ्या पुरल्या आणि आत बारके कॅमेरे सोडले. मुळांचे फोटो संगणकाकडे जातात. असे ढीगभर फोटो बघून तो निरोगी आणि सडकं मूळ ओळखायला शिकलाय. शंका आली की भाऊंच्या मोबाइलवर लाल ठिपका उमटतो. तेव्हापासून भाऊ कामातून गेले. वाफ्याजवळ चपला काढायला लावतात, मोठ्यानं बोलू देत नाहीत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी मुळांचे फोटो दाखवले, तर व्याही काळजीनं विचारायला लागले, पेशंट कोण आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाशी मात्र रोज फोनवर "बरा हायस ना" आणि "ठेवू का", एवढंच.

श्रावणातल्या एका सकाळी ठिपका उमटला. मी नेमका तिथंच होतो. कंदकूज जमिनीखाली सुरू होते, आणि पान पिवळं पडेपर्यंत रान हातचं गेलेलं असतं. पण यंत्र चुकलं असेल, तर कोवळं आलं आपल्याच हातानं उपटून फेकायचं. भाऊंचं वर्षभराचं सगळं त्या रानात होतं. रानात मजुरीला येणारी सखूबाई कुदळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, पानं बगा की. लई हिरवी हायत."

"वरचं नाय," भाऊ म्हणाले.

पहिला गड्डा स्वच्छ निघाला. दुसराही. सखूबाई थांबली आणि भाऊंकडे बघायला लागली. भाऊंनी पुढचा उपटायची खूण केली. तिसरा उपटला आणि कुजका वास आला. बोटानं दाबला तर पाणी सुटलं.

मग आजूबाजूचं सगळं उपटलं, चर खणला, औषध ओतलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्या नळ्यांमधून मुळं पांढरीच दिसत राहिली. मला एवढं हायसं वाटलं की मी भाऊंची पाठ थोपटली आणि म्हणालो, वाचलं की, आता तरी हसा.

भाऊ बांधावर बसले होते. तो तिसरा गड्डा अजून हातातच होता, वरची पानं हिरवीगार.

"पोरगं रोज फोनवर मजेत हाय म्हणतंय," ते म्हणाले. "त्याला कुठं नळी लावू?"