मनोरा क्राको बघायला निघाला

"हे मी ठेवून घेणार नाही," हॉटेलच्या काउंटरवरची बाई म्हणाली. "बॅगा ठेवा, छत्र्या ठेवा, पण हे नाही. मोडलं तर खापर माझ्या डोक्यावर."

'हे' म्हणजे जुन्या चादरीत गुंडाळलेला, कमरेएवढा उंच एक मनोरा. बोगुमिल पेत्राशेकने तो आदल्या दिवशी पोझनानहून रेल्वेने, मांडीवर बसवून आणला होता. वाटेत त्याला शेजारी बसलेल्या आपल्या बायकोपेक्षा त्या मनोऱ्याचीच जास्त काळजी होती. हे अर्थात बायकोचं म्हणणं.

बोगुमिल विक्रीच्या कामाला होता. चॉकलेट-गोळ्यांना गुंडाळायचे चमकी कागद बनवणारी कंपनी. कागदाचे तुकडे हातात ठेवून गिऱ्हाईक भुलत नाही असं मालकाच्या मनात आलं आणि त्याने सुताराकडून कळस-घुमटांसकट एक लाकडी मनोरा करून घेतला, वर कंपनीचा झाडून सगळा माल चिकटवला. लाल, मोरपंखी, चंदेरी, सोनेरी. दुपारी तो क्राकोच्या मिठाई कारखान्यात सोखाबाईंना दाखवायचा होता. तिथली सगळी खरेदी बाईंच्या हातात. ईस्टरची ऑर्डर मिळाली तर उत्तम, नाही तर "बोगुमिल, तुझी पाठ मजबूत आहे, गोदामात शोभशील," असं मालक हसत हसत म्हणाला होता. तो हसत असताना त्याचा भाचा बोगुमिलच्या खुर्चीवर बसून बघत होता.

बायको, ग्राझिना, बरोबर आली होती ती जुन्या वायद्यापायी. लग्न झाल्या झाल्या क्राकोला नेतो म्हणालेला हा माणूस, मुलगी कॉलेजात गेली तरी नेतच होता. आता आयतं काम निघालं, हॉटेल कंपनीच्या खर्चाने. सकाळी फिरायचं, दुपारी ऑर्डर घ्यायची, रात्रीच्या गाडीने घरी. पोझनानची माणसं अशी हिशेबी. आम्ही क्राकोवाले त्यांना चिकट म्हणतो, ते आम्हाला चिकट म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

"मग काय, याला घेऊन फिरायचं?" बोगुमिल म्हणाला.

"घे की. त्यानेही क्राको पाहिलेलं नाही," ग्राझिना म्हणाली.

मोठ्या चौकात येईपर्यंत बर्फ भुरभुरायला लागलं होतं. ओली चादर चिकटून कागदाचा डिंक सुटेल या धास्तीने बोगुमिलने मनोरा पुतळ्याच्या पायऱ्यांवर टेकवला आणि चादर काढली. ग्राझिना तीळ लावलेले, कड्यासारखे गोल गरम पाव घेऊन आली. दोघं खात उभे राहिले, आणि बघतात तो काय, आजूबाजूला माणसं येताहेत, आणि प्रत्येकाच्या हातात एक झगमगता मनोरा.

"बोगुश, आज इथे गोठ्यांचा सण दिसतोय," ग्राझिना हरखून म्हणाली.

दिसतोय कसला, होताच. येशू जन्मला तो गोठा सगळं जग गवताचा करतं. आमच्या क्राकोत मात्र तो चर्चसारखा, मनोऱ्या-घुमटांचा, चॉकलेटच्या चांद्या, म्हणजे वरचे चमकी कागद, चिकटवून करतात. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सगळे गोठे चौकात येतात, दुपारी वाजतगाजत संग्रहालयात जातात आणि रविवारी बक्षिसं लागतात. पोझनानच्या माणसाला गोठे ठाऊक असतात. गुरुवार ठाऊक नसतो.

"असू दे. पाव संपला की निघू," बोगुमिल म्हणाला.

आणि तो निघालाही असता. पण एक आजीबाई थांबल्या, मनोऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई! काय रंग आहे हा!"

विक्रीतल्या माणसाला असं म्हणू नये. "मोरपंखी, आजी. पुदिन्याच्या गोळ्यांना हाच लागतो. हात लावून बघा, सुरकुती पडत नाही. आणि हा लाल बघा, चेरीवाल्या चॉकलेटचा." बघता बघता गर्दी जमली. बोगुमिल रंगात आला. जो दिसेल त्याच्या हातात त्याने आपलं कार्ड कोंबलं. त्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई होती. तिने कार्डावरचं नाव उतरवून घेतलं आणि मनोऱ्याच्या तळाला नंबर चिकटवला. बोगुमिलला वाटलं, पायरीवर सामान ठेवायची परवानगी असेल. पैसे मागितले नाहीत म्हणून तो खूशच झाला.

शेजारी वालेंती नावाचा म्हातारा आपला गोठा पुसत बसला होता. बोगुमिलचं व्याख्यान त्याने कान देऊन ऐकलं.

"एवढ्या चांद्या जमवायच्या म्हणजे गोळ्या किती खाल्ल्या असतील हो?" त्याने हळूच विचारलं. "माझ्या बायकोचे सगळे दात यातच गेले."

"आम्ही खात नाही, आजोबा. आम्ही रोलच्या रोल काढतो."

"श्रीमंत आहात." म्हाताऱ्याने मनोऱ्यात वाकून पाहिलं. "पण बाळ कुठाय?"

"कसलं बाळ?"

"अहो, येशू! बाळ नाही तर गोठा कसला?"

"हा गोठाच नाहीये. कंपनीचा माल आहे, दुपारी कारखान्यात दाखवायचाय."

"असं," वालेंती म्हणाला. नवखी माणसं ऐन वेळी कच खातात हे त्याने खूप पाहिलं होतं. बाळ करायला जमलं नाही म्हणून बिचारा लाजतोय, असं समजून त्याने खिशातून एक जादा बाळ काढलं आणि बोगुमिल पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळताच मधल्या दारात पक्कं चिकटवून टाकलं. परोपकारी माणूस.

तेवढ्यात चर्चच्या बुरुजावरून तुतारी वाजली, बँडने ठेका धरला, आणि मिरवणूक हलली. गोठे वाहायला आलेल्या दोन धडधाकट पोरांनी बोगुमिलचा मनोरा उचलला.

"अहो! अहो, ठेवा तो! माझा आहे!"

"तुमचाच आहे, काका. तुम्ही नुसते बाजूने चाला, बर्फावर पाय घसरेल."

बोगुमिल चालला कसला, धावला. मंचावर त्याचं नाव पुकारलं गेलं, "पोझनानहून आलेले पाहुणे" म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी त्याचा हात धरून वर केला. खाली ग्राझिना रुमाल हलवत होती आणि पोट धरून हसत होती. संग्रहालयाच्या दारातून मनोरा आत गेला, मागोमाग बोगुमिल घुसला आणि दार लागलं.

"रविवारी निकालाला या," आतला अधिकारी म्हणाला.

"साहेब, गळ्याशप्पथ सांगतो, तो गोठा नाही! त्यात येशूतरी आहे का?"

अधिकाऱ्याने वाकून पाहिलं. "आहे की. गोड आहे."

बोगुमिलनेही पाहिलं. बाळ त्याच्याकडे बघून हसत होतं.

दुपारी तो सोखाबाईंसमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला. सोखाबाई म्हणजे साठीची, ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने घडलं ते सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे तुम्ही पोझनानचे, आणि आमच्या गोठ्यांच्या स्पर्धेत उतरलात."

"उतरलो नाही हो, उतरवलं मला!"

"माझ्या वडिलांनी जन्मभर गोठे केले. या कारखान्यातली निम्मी माणसं करतात. एकेकाच्या घरात वर्षभर जेवायच्या टेबलावर जागा नसते." बाईंनी चष्मा काढला. "तुमचा कागद मला ठाऊक आहे. चांगला आहे, भावही बरा आहे. ऑर्डर मी द्यायचीच ठरवली होती. पण पोझनानच्या माणसाने इथलं बक्षीस नेलं आणि त्याच आठवड्यात मी त्याला ऑर्डर दिली, तर मला कारखान्यात तोंड दाखवता येईल का? रविवारी बघू. बक्षीस लागलं नाही तर तिथेच सही करते. लागलं, तर नमस्कार."

झालं! आता बोगुमिलला हरायचं होतं, आणि हरणं काही त्याच्या हातात नव्हतं. मालकाला त्याने फोन करून "गिऱ्हाईक रविवारपर्यंत थांबा म्हणतंय" एवढंच खरं सांगितलं. हॉटेलं भरलेली, म्हणून वालेंतीने दोघांना आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोने बिनदाताच्या हसऱ्या तोंडाने आंबट सूप वाढलं.

शुक्रवारी ग्राझिना म्हणाली, "चल, किल्ला बघू." बोगुमिल संग्रहालयात गेला. परीक्षक बाहेर येताच त्याने त्यांना गाठलं. "साहेब, माझा घुमट वाकडा आहे. डिंकही हलका वापरलाय. मागची बाजू तर बघूच नका."

"किती विनय!" परीक्षक एकमेकांना म्हणाले आणि मागची बाजू बघायला परत आत गेले.

शनिवारी ग्राझिना म्हणाली, "निदान मिठाची खाण तरी?"

"अगं, इथे माझी मीठ-भाकर जायची वेळ आलीय आणि तुला खाण सुचतेय!" तो पुन्हा संग्रहालयाच्या पायरीवर जाऊन बसला. ग्राझिनाने क्राकोत आतापर्यंत पाहिलं होतं ते एवढंच: एक चौक, एक पायरी आणि वालेंतीचं स्वयंपाकघर. तिचं डोकं तापलं होतं, पण नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून ती त्याच्यासाठी गरम पाव आणायला गेली.

रविवारी संग्रहालयाचं दालन गच्च भरलं होतं. सोखाबाई दारातच ऑर्डरचे कागद घेऊन उभ्या होत्या, पेन उघडून. पहिला नंबर पुकारला. तो बोगुमिलचा नव्हता. त्याने ग्राझिनाचा हात घट्ट धरला. दुसरा नंबर, तोही त्याचा नव्हता. तिसरा वालेंतीला लागला. म्हातारा रडायलाच लागला, बोगुमिलने त्याला मिठी मारली. मग उत्तेजनार्थ बक्षिसांची भलीमोठी यादी. नावामागून नावं. यादी संपली. बोगुमिल पेत्राशेक त्यात कुठेही नव्हता.

"सुटलो रे देवा!" त्याने मोठा श्वास सोडला.

सोखाबाईंनी टेबलावर टेकून सही ठोकली. "घ्या. अभिनंदन."

बोगुमिलने कागद घेतले, पण त्याची नजर कागदांवर नव्हती. उत्तेजनार्थवाल्या रांगेत एक बसका, करडा, एकाच मनोऱ्याचा गोठा होता. त्याच्याकडे तो बघतच राहिला.

"बाई," तो म्हणाला, "ऑर्डर मिळाली, तुमचे उपकार झाले. पण एक विचारू? याला उत्तेजनार्थ? आणि आम्हाला काहीच नाही?"

"जाऊ दे ना, बोगुश," ग्राझिना म्हणाली. "हरायचंच होतं ना तुला?"

"हरायचं होतं, मान्य! पण इतकं? लोकांनी गर्दी केली होती आपल्यापुढे! तो मोरपंखी बघितला का कोणी? बाई, तुम्ही क्राकोच्या. वडिलांची आठवण ठेवून सांगा, तो करडा डबा आमच्या मनोऱ्यापेक्षा बरा आहे?"

सोखाबाईंनी चष्मा चढवला. आधी करड्या गोठ्याकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे, मग पुन्हा करड्याकडे. त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही. माझ्या वडिलांवरही यांनी जन्मभर असाच अन्याय केला. चला माझ्याबरोबर!"

आणि दोघं गर्दीत कोपरं मारत परीक्षकांच्या टेबलाकडे निघाली. जाता जाता बोगुमिलने ऑर्डरचे कागद बायकोच्या हातात कोंबले. "हे धर जरा, आलोच!"

थोड्याच वेळात तिकडून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. कोण आपटत होतं ते गर्दीत दिसलं नाही. ग्राझिनाने कागदांवरची सही एकदा नीट पाहून घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली, मफलर आवळला आणि वालेंतीच्या बायकोला म्हणाली, "चला मावशी, यांचं आटपेपर्यंत आपण किल्ला बघून येऊ."